मॉरिशसला राहायला येताय? घर किती उंचीवर आहे ते आधी विचारा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढे कुणी वाचलं तर संदर्भ लागेल. तुमच्या यजमानांना मॉरिशसमध्ये एबेनच्या (इथला कंपन्यांच्या ऑफिसांचा भाग) एका फायनान्स कंपनीत नोकरी मिळतेय. मुलगी तिसरीत, धाकटा बालवाडीत. घरात शाकाहार. सासूबाई मधूनमधून येऊन राहणार. कंपनीने पगार सांगितलाय आणि घर तुमचं तुम्ही बघा म्हटलंय. पगारात भागेल का, खाण्याचे हाल होतील का, वादळांची भीती किती, मुलांच्या शाळेचं काय आणि तिथे मराठी माणसं आहेत म्हणतात ते खरं का, हे तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय की घर मात्र समुद्राजवळच घ्यायचं ठरलंय.

मी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीची निम्मी उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. मी इथे कात्र बोर्नला राहते, नोकरी एबेनलाच आहे. नवीन येणारी बरीच कुटुंबं पाहिली. जी पहिल्या वर्षी कंटाळून परत गेली त्यांतल्या बहुतेकांचं बिनसलं ते पगारावरून नाही, घराच्या जागेवरून.

बेट लहान आहे. साधारण १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ निम्मं. उत्तर-दक्षिण लांबी ६५ किलोमीटर. नकाशा बघून वाटतं, कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो? पण बेटाच्या मधोमध पठार आहे. आग्नेयेकडचे वारे वर्षभर त्याच्यावर येऊन आदळतात, पाऊस पूर्वेला आणि पठारावर पडून जातो आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. क्युरपीप हे गाव साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथे जुलैत अंगात स्वेटर, हातात छत्री आणि समोर धुकं. त्याच वेळी वीसेक किलोमीटर खाली राजधानी पोर्ट लुईत लोक सावली शोधत चालतात. एकाच ऑफिसात शेजारी बसणाऱ्या दोघी सकाळी वेगवेगळ्या ऋतूंतून आलेल्या असतात. म्हणून इथे घर दाखवणाऱ्याला पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका, उंचीचा विचारा. दुसरा विचारा, सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं.

क्युरपीप, फ्लोरेआल, वाक्वाचा वरचा भाग इथे घरं प्रशस्त मिळतात, बागा सुंदर असतात आणि भाडं ऐकून हरखायला होतं. पण त्या घरांत बुरशी असते. कपाटात टांगलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर आधी राखाडी ठिपके येतात, मग ते हिरवट होतात. पुस्तकांच्या कण्याला बोट लावलं की पांढरी पूड निघते. भिंतीचा कोपरा रंग लावला तरी दोन महिन्यांत पुन्हा काळा. मीठ भिजतं, पापड मऊ पडतात, लोणच्याला तर रोज डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. हवेतला ओलावा शोषणारी यंत्रं मिळतात, पण ती चोवीस तास चालवली की विजेचं बिल बघवत नाही. सासूबाईंना दमा किंवा सांधेदुखी असेल तर पठाराचा वरचा भाग डोक्यातूनच काढून टाका. जुलै-ऑगस्टात रात्री पारा बारा-तेरा अंशांवर येतो. आकडा ऐकून पुण्या-नाशिकच्या माणसाला हसू येईल, पण इथे घरं गरम करायची कुठलीच सोय नसते आणि थंडी ओली असते. आपल्याकडची कोरडी थंडी परवडली.

आता समुद्राजवळचं. फ्लिक-आँ-फ्लाक, तामारँ, ग्राँ बे ही नावं तुम्ही फोटोंत पाहिली असतील. तिथे राहणारे परदेशी लोक बहुतेक युरोपातले किंवा दक्षिण आफ्रिकेतले, त्यामुळे भाडी त्यांच्या खिशाच्या मानाने ठरतात. काही ठिकाणी तर युरोतच सांगतात. एबेनला यायला सकाळच्या गर्दीत तासभर सहज जातो. संध्याकाळी सातनंतर बस मिळणं अवघड, म्हणजे गाडी हवीच, आणि गाड्या इथे भारतापेक्षा बऱ्याच महाग. उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, किनाऱ्यावर एसीशिवाय झोप येत नाही. आणि खरं सांगू? राहणारी माणसं समुद्रावर जातात ती रविवारी: सतरंजी, बिर्याणीचं पातेलं, आजी-आजोबा, क्रिकेटची बॅट असं सगळं घेऊन, फिलाओच्या, म्हणजे सुरूच्या, झाडांखाली दिवसभर. त्यासाठी समुद्राशेजारी राहावं लागत नाही, अर्ध्या-पाऊण तासावर समुद्र आहेच.

तेव्हा माझं मत स्पष्ट: कात्र बोर्न, रोझ हिल किंवा बो बासँ. उंची मध्यम, ना बुरशी फार ना उकाडा फार. रस्त्यावर दुकानं आहेत, शाळा आहेत आणि मेट्रो आहे. भारताच्या मदतीने झालेली ही मेट्रो पोर्ट लुईहून रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा करत २०२२ मध्ये क्युरपीपला पोचली आणि २०२३ मध्ये रोझ हिलहून एबेनकडे फाटा निघाला. यजमान गाडीविना ऑफिसला जाऊ शकतात. इथे ही फार मोठी गोष्ट आहे, कारण रस्ते तेवढेच आणि गाड्या दरवर्षी वाढतायत.

घर बघताना गच्चीवर पाण्याची टाकी आहे का आणि पंप चालतो का, ते स्वतः वर जाऊन बघा. ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस कमी असतो, धरणं खाली जातात आणि नळाला ठरावीक तासच पाणी येतं. ज्या बेटावर पठारावर एवढा पाऊस पडतो तिथे पाणीटंचाई कशी, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर साधं आहे: डोंगर जवळ, समुद्र जवळ, पाणी वाहून जायला वेळ लागत नाही. आणि घर ओढ्याच्या कडेला नको. इथले ओढे आठ महिने कोरडे दिसतात, त्यामुळे नवीन माणूस फसतो. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईत रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या, एकमेकींवर चढल्या.

वादळांबद्दल तुम्ही घाबरून विचारलंय. घाबरू नका, पण ते कसं चालतं ते समजून घ्या. हंगाम नोव्हेंबर ते मे. हवामान खातं एक ते चार असे इशारे देतं. पहिला इशारा साधारण ३६ ते ४८ तास आधी येतो. चौथा लागतो तेव्हा ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू झालेले असतात आणि कुणीही बाहेर पडायचं नसतं. पहिल्या इशाऱ्याला कुणी फारसं मनावर घेत नाही. दुसरा लागला की दुकानांत ब्रेड, मेणबत्त्या आणि डब्यातले सार्डिन संपतात, गच्चीवरच्या कुंड्या खाली येतात, बादल्या-पिंपं भरली जातात. तिसऱ्याला काम बंद, बस बंद, सगळे घरी. मग दार-खिडक्या लावून बसायचं. ऑफिसातले तरुण याला सुट्टी समजतात आणि वादळ हुकलं की हिरमुसतात. म्हाताऱ्या माणसांसमोर मात्र अशी थट्टा करू नका. फेब्रुवारी १९६० मध्ये कॅरोल नावाचं वादळ आलं होतं, त्याने पत्र्याची-लाकडाची हजारो घरं भुईसपाट केली. आज तुम्हाला इथे जी सपाट गच्चीची, काँक्रीटची, दिसायला रुक्ष घरं जिकडेतिकडे दिसतील, ती त्यानंतरची. सुंदर जुनं लाकडी घर भाड्याने मिळतंय म्हणून भाळू नका, काँक्रीटचं घ्या. वादळात भीती छप्पर उडण्याची उरलेली नाही, त्रास होतो तो नंतर: दोन-तीन दिवस वीज नाही, पाणी नाही, फ्रीजमधलं सगळं वाया.

आता खाणं. इथे मी जरा रमणार आहे.

शाकाहारी माणसाला मॉरिशससारखा देश परदेशात क्वचित मिळेल. लोकसंख्येतले दोनतृतीयांश लोक मूळचे भारतातले, त्यांपैकी पुष्कळजण आठवड्यातून एखादा वार पाळतात आणि काही तर महिना-महिना मांसाहार सोडतात. बिगरमांसाहारी उपासाला सगळे ‘कारेम’ म्हणतात. ख्रिश्चनांचा शब्द, पण हिंदूही तोच वापरतात. हॉटेलात ‘कारेम’ म्हणालात की वेटरला पुढचं काही समजवावं लागत नाही. रस्त्यावर ढोलपुरी मिळते: पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं शिजवून-वाटलेलं पुरण आत घातलेली मऊ पोळी, गोड नसलेली. ती जोडीनेच विकतात. ‘एन पेर’ म्हणायचं, की विक्रेता दोन पोळ्या एकावर एक टाकतो, त्यावर मोठ्या पावट्याची भाजी, टोमॅटोची रुगाय, कोथिंबिरीची चटणी ओढतो, कागदात गुंडाळतो आणि हातात ठेवतो. हे सगळं होईपर्यंत तुमचे सुटे पैसेसुद्धा काढून झालेले नसतात. मिरची किती, ते आधी सांगा. इथली मिरची लहान आणि दुष्ट आहे. मुलांना ‘गातो पिमा’ आवडतील, म्हणजे आपले डाळवडेच.

कात्र बोर्नला बुधवारी आणि शनिवारी भाजीबाजार भरतो. गुरुवारी-रविवारी त्याच जागी कपड्यांचा. पहिल्यांदा गेलात की हायसं वाटेल. दुधी, पडवळ, कारली, शिराळी, भेंडी, लाल भोपळा, अळू, शेवग्याचा पाला, सगळं आहे. फक्त मागायचं कसं ते शिकून घ्या: भेंडी म्हणजे लालो, कारलं मार्गोज, शिराळं पिपंगाय, पडवळ पातोल, दुधी कालबास. पालेभाजी कुठलीही असो, ती ‘ब्रेद’. शेवग्याची ब्रेद मुरुम, अळूची ब्रेद सोंझ. कोथिंबिरीला कोतोमिली, कढीपत्त्याला कारीपुले. आणि हे नीट लक्षात ठेवा, ‘साफ्राँ’ म्हणून जे मिळतं ती हळद आहे. केशर समजून श्रीखंडात घालाल! तूरडाळ, पोहे, साबुदाणा, ज्वारीचं पीठ भारतीय दुकानांत मिळतं, पण जहाज उशिरा आलं की महिनाभर गायब. गोडा मसाला आणि मेतकूट मात्र येताना आणाच.

इथून पगाराकडे वळते, कारण जहाजाचा विषय निघालाच आहे. या बेटावर ऊस पिकतो, चहा थोडा पिकतो, भाज्या पिकतात. बाकी बहुतेक सगळं बाहेरून येतं. खाण्याच्या वस्तूंपैकी साधारण तीनचतुर्थांश आयात. तांदूळ, गहू, डाळी, दूध पावडर, चीज, सफरचंदं, साबण, मुलांच्या वह्या सगळं बंदरात उतरतं. त्यामुळे दुकानातल्या किमतीत जहाजाचं भाडं असतं आणि डॉलर वर गेला की महिन्याभरात बिल वाढतं. मॉरिशसचा एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन ते दोन रुपये. नवीन माणूस लगेच पगाराला दोनने गुणतो आणि खूश होतो. तसं करू नका. तुमच्या पत्रातल्या आकड्यात चौघांचं घर नीट चालेल, वर्षातून एकदा भारतात येणं होईल, थोडं शिल्लक पडेल. आखातात गेलेल्या नातेवाइकांसारखी बचत होईल, फ्लॅटचे हप्ते झटपट फिटतील, असं मनात असेल तर इथे ते जमणार नाही. एक गोष्ट मात्र चांगली आहे: वर्षाअखेरीस तेराव्या महिन्याचा पगार कायद्यानेच मिळतो. कंपनी तो ‘बोनस’ म्हणून मोठेपणाने सांगत असेल तर भुलू नका, तो तुमचा हक्क आहे.

शाळेचं लवकर ठरवा. इथे सरकारी शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, कारण आपला हिवाळा हा इथला उन्हाळा. फ्रेंच पद्धतीच्या शाळा ऑगस्टच्या सुमाराला सुरू होतात. तुम्ही एप्रिलमध्ये मुलीची परीक्षा उरकून आलात तर ती कुठल्यातरी वर्षाच्या मध्येच जाऊन पडेल. खरी अडचण फ्रेंचची. कागदोपत्री माध्यम इंग्रजी आहे, पुस्तकं इंग्रजीत, दहावी-बारावीच्या तोडीच्या परीक्षा केंब्रिजच्या. पण फ्रेंच पहिलीपासून असतं आणि वर्गात बाई समजावतात ते फ्रेंच आणि क्रिओल (फ्रेंचमधून तयार झालेली इथली बोली) मिसळून. तिसरीतल्या मुलीला शून्यापासून फ्रेंच शिकायचं आहे. निघण्याआधी निदान चार-सहा महिने शिकवणी लावा. धाकट्याची काळजी करू नका, तो सहा महिन्यांत तुमच्यापेक्षा चांगलं बोलायला लागेल आणि तुमच्या उच्चारांना हसेल.

तुम्ही दोघांनी फ्रेंचच्या मागे लागण्याऐवजी क्रिओल शिका. ऑफिसची पत्रं इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, पण माणसं बोलतात क्रिओल. घरात, बाजारात, बसमध्ये, भांडणात. आणि ती सोपी आहे. कर्ता बदलला, काळ बदलला तरी क्रियापद बदलत नाही. मो मांझे, मी खाते. तो मांझे, तू खातोस. ली मांझे, तो किंवा ती खाते. पुढे ‘ती’ लावलं की भूतकाळ, ‘पू’ लावलं की भविष्य: मो ती मांझे, मो पू मांझे. लिंगाची भानगडच नाही. मराठीत ‘तो चहा, ती कॉफी’ करून दमलेल्या माणसाला बरं वाटतं. ‘की मान्येर?’ म्हणजे कसं काय, उत्तर ‘कोरेक’. एवढ्यावर पहिला आठवडा निघतो. इंग्रजीत बोलणारा भारतीय इथे साहेब ठरतो आणि साहेबाला भाजी महाग मिळते.

मराठी माणसांचं विचारलंत. आहेत, आणि आजकालची नाहीत. १८३४ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर आणले. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यांतली मुंबई बंदरातून आलेली बरीचशी रत्नागिरीकडची, कोकणातली. त्यांचे वंशज म्हणजे इथले मराठी. उतरणाऱ्या माणसाचं नाव साहेबाला ऐकू आलं तसं वहीत उतरलं आणि तेच पुढे आडनाव झालं. त्यामुळे इथे देशपांडे-कुलकर्णी शोधू नका. पणजोबांचं पहिलं नाव मागे ‘जी’ लावून आडनाव झालेली कुटुंबं भेटतील.

पण इथे आल्या आल्या मराठीत गप्पा मारता येतील असं समजून येऊ नका. घरची भाषा क्रिओल झाली त्याला पिढ्या लोटल्या. मराठी ते शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकतात. मोका नावाच्या गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे पुढचं शिक्षण मिळतं. म्हणजे आपल्याकडे संस्कृतचं जे झालंय तसंच काहीसं: पाठ आहे, आदर आहे, व्यवहार नाही. मात्र गणपतीत जाऊन बघा. आरती तोंडपाठ, टाळ-ढोलकी जोरात आणि झाकरी नाचतात. कोकणातली जाखडी, तीच. पावलं ओळखीची आहेत. आरती संपली की सगळे क्रिओलमध्ये बोलायला लागतात आणि तुम्ही बाजूला उभ्या राहता. तेव्हाही क्रिओल कामी येते, बघा. आंरिएता नावाच्या गावात १८९६ मध्ये पहिला गणपती बसला असं इथले लोक अभिमानाने सांगतात. गणेश चतुर्थीची देशभर सार्वजनिक सुट्टी असते, तीही बहुधा दुसऱ्या दिवशी, म्हणजे विसर्जनाची. आपल्या ऑफिसातल्या चिनी आणि मुसलमान सहकाऱ्यांना गणपतीची सुट्टी मिळते, हे सासूबाईंना सांगा, त्या लगेच तयार होतील. पाडव्याचीही सोय आहे. तेलुगू लोकांच्या उगादीची सुट्टी असते, गुढी आरामात उभारता येते.

एक गोष्ट मात्र विचित्र वाटेल. कुणी विचारेल, तुम्ही हिंदू की मराठी? प्रश्नाचा राग मानू नका. इथे ‘हिंदू’ म्हटलं की उत्तर भारतीय, भोजपुरी मुळाचे लोक डोळ्यांसमोर येतात. तमिळ, तेलुगू आणि मराठी स्वतःला वेगळे मोजतात. कुणाचं देऊळ कुठलं, कुणाची संस्था कुठली, कुणाचा मंत्री कोण, हे सगळं या मोजणीवर चालतं. नवीन माणसाने त्यात मत देऊ नये. सगळ्यांच्या सणाला जावं आणि जेवावं. केळीच्या पानावर सात भाज्यांचं जेवण वाढतात, ते चुकवू नका.

लोक कसे आहेत, हे तुम्ही विचारलं नाहीये, पण सांगते. मदतीला धावणारे आहेत. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचं मोठं मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या कड्यावर चढलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला त्यातून काळं तेल गळायला लागलं. कुणी आदेश द्यायची वाट पाहिली नाही. माहेबुर्गच्या धक्क्यावर हजारो माणसं आली, कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यांत उसाचं पाचट कोंबायचं, त्याला रिकाम्या बाटल्या बांधायच्या आणि समुद्रात सोडायचं, म्हणजे तेल अडेल. शाळकरी पोरं, बँकेतल्या बायका, कोळी, सगळे कोपरापर्यंत काळे. पण हेच लोक घरात मात्र लवकर बोलावत नाहीत. बाहेर हसून बोलतील, मुलांना खाऊ देतील, उंबऱ्याच्या आत यायला वर्ष लागेल. आणि बेट लहान असल्याने सगळ्यांना सगळं कळतं. एबेनमधल्या दोन कंपन्यांचे एचआरवाले एकाच शाळेत शिकलेले असतात, त्यांच्या मुलांची शिकवणी एकाच बाईंकडे असते. यजमानांनी नोकरी बदलायचा विचार कॅन्टीनमध्ये बोलून दाखवला तर तो दुपारपर्यंत साहेबाच्या टेबलावर. मोठ्या शहरात निनावी राहायची सवय असलेल्यांना हे टोचतं. संध्याकाळी सहा-सातनंतर बाजारपेठा शांत होतात, तेही टोचतं. तुम्हाला माणसांची गर्दी, नाटकं, रात्री अकराला मिळणारी पाणीपुरी लागत असेल तर मन घट्ट करून या.

परवान्याचं मी थोडक्यात सांगते, कारण नियम जूनच्या बजेटमध्ये दरवर्षी थोडे हलतात. यजमानांना मिळणारा ऑक्युपेशन परमिट म्हणजे राहण्याचा आणि कामाचा एकत्र परवाना. तो त्या नोकरीशी बांधलेला असतो, नोकरी गेली की तोही अडचणीत येतो. तुम्हाला स्वतःला इथे काम करायचं असेल तर त्याबद्दल, आणि सासूबाईंना जास्त दिवस ठेवायचं असेल तर त्याबद्दल, कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘नो प्रॉब्लेम’वर विसंबू नका. नुसत्या भेटीला यायला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता दाखवायला लागतो. मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांचं. घड्याळ भारताच्या दीड तास मागे, त्यामुळे माहेरी फोन करायला अडचण नाही.

दवाखाने बरे आहेत, किरकोळ दुखण्याला काही कमी नाही. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी इथलेच लोक भारतात जातात, तेव्हा भारतातला आरोग्य विमा बंद करू नका.

सामानात मिक्सर, कुकर, इडलीपात्र आणा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पण सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी पिनांचे किंवा फ्रेंच दोन पिनांचे. आपली गोल तीन पिनांची प्लग बसत नाही, अडॅप्टर इथे स्वस्त मिळतात. तुळशीच्या बिया, रोपं, आंबे बॅगेत टाकू नका, परवानगीशिवाय ते आणता येत नाहीत आणि विमानतळावर काढून घेतात. औषधांबाबत तर फार कडक आहेत. सासूबाईंच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. खोकल्याचं कोडीन असलेलं औषध आणि झोपेच्या गोळ्या नुसत्याच डब्यात घालून आणल्या तर नको ती चौकशी मागे लागते. मुलांना पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या. समुद्र प्रवाळाच्या आत उथळ आणि शांत असतो, पण तळाशी काटेरी जीव असतात, आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा असतो, त्याला इथे लाफ म्हणतात. दक्षिणेला सुयाककडे प्रवाळाचा बांध नाही, तिथे लाटा थेट येतात. बघायला जा, पाण्यात उतरू नका.

शक्य असेल तर यजमानांना एकटं ऑक्टोबरमध्ये येऊ दे. पाणी कमी कुठे येतं ते त्या महिन्यात कळतं, घरं बघून होतात आणि जानेवारीत शाळा सुरू व्हायच्या आधी तुम्ही मुलांना घेऊन येऊ शकता. पहिला करार सहा महिन्यांचाच करा, वर्षाचा नको, म्हणजे एक उन्हाळा त्या घरात काढून मग ठरवता येईल. दोन-तीन घरं नक्की झाली की गल्लीच्या नावासकट मला कळवा. शनिवारच्या बाजारात त्या त्या भागातल्या बायका भेटतात, तिथे नळाला किती वाजता पाणी येतं आणि वादळात वीज किती दिवस जाते, ते विचारून सांगते.